इनशर्ट

मराठीने इंग्रजीकडून टेबल घेतलं, टाय घेतला, ते आयते घेतले. ‘इनशर्ट’ हा शब्द मात्र तिने घरीच बेतून शिवला. लंडनच्या माणसाला तो कळायचा नाही. लालबागच्या चाळीत मुलाखतीला निघालेल्या मुलाला आई जिन्यातून ओरडून सांगते, “अरे, इनशर्ट कर!” आणि शेजारच्या चार खोल्यांना कळतं, की आज पोरगं काहीतरी महत्त्वाच्या कामाला चाललंय.

माझा पहिला इनशर्ट फोर्टातल्या एका कचेरीतल्या मुलाखतीचा. हिंदमाताला जाऊन पॅंटपीस आणि शर्टपीस आणले होते. गल्लीतला शिंपी मापं घेत असताना आई म्हणाली, “जरा वाढतं माप ठेवा हो.” बावीस वर्षांचा मुलगा अजून किती वाढणार, हे शिंप्याने विचारलं नाही. पुढे आईचंच खरं ठरलं. मी वाढलो, फक्त उंचीत नाही.

घरी विजेची इस्त्री नव्हती. पॅंट रात्रभर गादीखाली घडी घालून ठेवली. शर्टासाठी बाबांनी पितळी तांब्यात निखारे घातले आणि कॉलरपासून सुरुवात करून असा काही फिरवला, की कागदासारखा शर्ट हातात आला. तो करी रोड स्टेशनापर्यंत कागदासारखा राहिला. मशीद बंदरला उतरणाऱ्यांनी त्याचा चुरगाळलेला कागद केला. मुलाखतीच्या खोलीत शिरलो तेव्हा शर्टाची उजवी बाजू इन होती, डावी आउट. समोरच्या साहेबांनी आधी ती बाजू पाहिली, मग माझी प्रमाणपत्रं. तेही लोकलनेच येत असावेत, कारण नोकरी मिळाली.

बाबांनी स्वतः आयुष्यात कधी इनशर्ट केला नाही. ते लोअर परळच्या एका गिरणीत विणखात्यात होते. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवायचे. त्या वाफाऱ्यात, साच्यांच्या खडखडाटात, अर्धी चड्डी आणि बनियन एवढाच पोशाख परवडायचा. देशाला सदरा विणून देणारी माणसं स्वतः बनियनवर काम करत होती, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. गिरणीच्या गेटवर तुम्ही काय घातलंय हे कुणी विचारत नसे. भोंग्याआधी आलात की नाही, एवढंच बघत.

पाळी सुटली की बाबा घरी येत ते पांढरेशुभ्र होऊन. केसांवर, भुवयांवर, हातांच्या लवीवर कापसाचे तंतू. आई त्यांना तसंच मोरीत पाठवायची. आता वाटतं, डोक्यापासून पायापर्यंत इतका पांढरा होऊन येणारा माणूस, पण ‘पांढरपेशा’ म्हणायचे ते त्याला नव्हे, गिरणीच्या ऑफिसात बसणाऱ्या कारकुनाला. दोघांचा मालक एक, गेट एक. फरक शर्टाच्या खालच्या वीतभर कापडाचा. ते कापड पॅंटच्या आत गेलं की माणूस ‘साहेब’ नाहीतर निदान ‘भाऊसाहेब’. बाहेर राहिलं की ‘ए, इकडे ये.’

या वीतभर कापडाची किंमत आमच्या भागात एका माणसाने पुरती ओळखली होती. परळच्या बीआयटी चाळीत राहणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 1918 साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. कोलंबियाची पदवी होती, साहेबी पोशाख होता, शिकवणं असं की बाहेरच्या कॉलेजांतली मुलंही येऊन बसत. तरीही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून ते पाणी पितात, यावर काही सहकाऱ्यांनी हरकत घेतलीच. म्हणजे पोशाखाने सगळी दारं उघडत नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि तरी डिसेंबर 1927 मध्ये महाडला त्यांनी बायकांना सांगितलं, की बघताक्षणी जात कळेल असं आखूड लुगडं नेसू नका, तसले दागिने घालू नका. कपडा जुना असला तरी चालेल, स्वच्छ असू द्या. बायकांनी ते ऐकलं आणि लुगडी घोट्यापर्यंत आली. जग कपड्यावरून माणूस ठरवणार असेल, तर निदान त्याला आपली जात आयती वाचायला द्यायची नाही. कडक कॉलरचा कोट घातलेले बाबासाहेबांचे पुतळे पाहतो तेव्हा मला तो कोट शोभेचा वाटत नाही. तो उत्तरासारखा वाटतो.

आमच्यासारख्यांचा इनशर्ट एवढा थोर नव्हता. तो फक्त वरच्या साहेबाला भिऊन केलेला. आणि या भीतीला सरकारही अपवाद नाही. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढलं. कार्यालयात जीन्स नको, टी-शर्ट नको, भडक रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको, पायात स्लिपर नको. शुक्रवारी शक्यतो खादी घाला. पुढे काही महिन्यांत जीन्सला माफी मिळाली, टी-शर्ट बाहेरच राहिला. मंत्रालयात हेलपाटे घालणाऱ्या माझ्या एका मित्राचं मत असं, की जीन्सवाल्याने फाइल अडवली काय आणि खादीवाल्याने अडवली काय, अडायची ती अडतेच. फक्त शुक्रवारी ती स्वदेशी पद्धतीने अडते.

पुरुषांचं एका बाबतीत बरं आहे. इन किंवा आउट, दोनच परीक्षा. आमच्या ऑफिसातल्या बायकांना रोज नवी प्रश्नपत्रिका येते. साडी नेसली तर “आज काय विशेष?” जीन्स घातली तर “आज काय सुट्टी?” आणि चार दिवस तोच ड्रेस घातला तर कुणी काहीच विचारत नाही, ते सगळ्यात वाईट.

हे आमचं ऑफिस कुठे आहे, ते सांगायचं राहिलं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले पुष्कळसे परत आत गेलेच नाहीत. पुढे गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर आले, मॉल आले. तीन नोकऱ्या बदलून मी आज जिथे बसतो, तो टॉवर बाबांच्या गिरणीच्या आवारात उभा आहे. तेव्हा सुतासाठी हवा दमट आणि माणसं उघडी. आता कॉम्प्युटरसाठी हवा गार आणि माणसं स्वेटर घालून. एवढ्या मुंबईत स्वेटर लागतो तो आमच्या ऑफिसात. तेव्हाही हवा माणसासाठी नव्हती, आताही नाही.

आणि गेट आहेच. तिथला सिक्युरिटीवाला माणसाला पायांपासून वर वाचतो. गेल्या पावसाळ्यात हिंदमाताला नेहमीप्रमाणे पाणी भरलं होतं. मी पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून, पायात रबरी चप्पल, बूट प्लास्टिकच्या पिशवीत, असा गेटवर पोचलो. त्याने पाय पाहिले, पिशवी पाहिली आणि म्हणाला, “डिलिव्हरी मागच्या गेटने.” मी रेनकोटची चेन खाली ओढली. गळ्यातलं कार्ड बाहेर आलं, तशा त्याच्या टाचा जुळल्या. सलाम कार्डाला होता, पण मी घेतला. एवढ्या वर्षांचा इनशर्ट एका दुमडलेल्या पॅंटने धुऊन नेला होता, मिळेल ते पदरात पाडून घेणं भाग होतं.

ही हकीकत घरी सांगितली तेव्हा सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ऐंशी पार केलेला माणूस, म्हणाला, “मला एकदा दाखव तुझं ऑफिस. आमचं खातं कुठे होतं ते बघतो.”

एका शनिवारी त्यांना घेऊन गेलो. सकाळपासून त्यांची तयारी चालली होती. पांढरा शर्ट, पांढरी पॅंट, इस्त्री आता कोपऱ्यावरच्या भय्याकडची, पण त्यांना ती पसंत नव्हती. निघताना ते आरशासमोर जरा थबकले आणि मला म्हणाले, “आत घालू काय रे शर्ट?” मला काय उत्तर द्यावं कळेना. म्हटलं, “राहू दे बाबा, बाहेरच छान दिसतोय.” ते म्हणाले, “छान दिसण्याचं नाही विचारलं. तुला चालेल ना?”

गेटवर तोच मुलगा होता. मराठवाड्याकडचा, विशीतला. त्याने सवयीने बाबांचे पाय पाहिले. चप्पल, तीही झिजलेली. “काका, कुणाला भेटायचंय?”

बाबांनी उत्तर दिलं नाही. ते पुढे झाले, त्याच्या युनिफॉर्मची बाही दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि अंगठ्याने कापड चोळून पाहिलं. आयुष्यभर ठाण पाहताना पाहायचे, तसंच. मला वाटलं, आता काहीतरी खट्याळ बोलणार. त्या मुलालाही तसंच वाटलं असावं, तो जरा ताठ झाला.

“सगळं पॉलिस्टर आहे हे,” बाबा म्हणाले. “एवढ्या उन्हात उभा राहतोस. घाम लई येत असेल ना रे पोरा?”

पोरगा काही बोलला नाही. सुपरवायझर कुठे आहे ते मान वळवून पाहिलं, नाही म्हटल्यावर गळ्याशी आवळलेलं वरचं बटण काढलं, आणि रजिस्टरात बाबांचं नाव लिहून घेतलं. ‘कोणाकडे’ या रकान्यात काय लिहायचं, असं त्याने विचारलं.

“विणखातं,” बाबांनी सांगितलं. त्याने तेच लिहिलं.