हवा ठेवण्याचा बॉक्स: गृहस्थांसाठी सूचना

सदर सूचना छत्रपती संभाजीनगरातल्या अशा गृहस्थांसाठी आहेत, ज्यांनी सबवूफर आधी आणला, घरात नंतर सांगितलं आणि तो कशात बसवायचा याचा विचार आता सुरू केला आहे. मंगल कार्यालयं आणि क्रांती चौकातल्या मिरवणुका यांना त्या लागू नाहीत. तिथली मंडळी सल्ला घेत नाहीत.

बॉक्स लागतोच का? लागतो. वूफरचा कागद पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. वूफर उघडा वाजवला तर मागची लाट कडेने वळसा घालून येते आणि पुढचीला खाऊन टाकते. तेव्हा बॉक्सचं पहिलं काम आवाज काढणं नव्हे, अर्धा आवाज कोंडून ठेवणं.

सुताराकडे गेल्यावर लिटरमध्ये बोलू नये. वूफरबरोबर आलेल्या चिठ्ठीवर २८ लिटर लिहिलेलं असतं. सुताराचं जग फूट, इंच आणि सूत यांचं. २८ लिटर म्हणजे जवळपास एक घनफूट. १० इंची वूफरच्या बंद बॉक्सला साधारण एवढं पुरतं. माप आतल्या बाजूचं आहे, हे तीनदा सांगावं. चौथ्यांदाही सांगावं लागेल. १८ मिलिमीटरचा एमडीएफ मागितल्यावर पुढील संवाद अटळ आहे.

"साहेब, यात ठेवायचं काय?"

"हवा."

"हवाच ठेवायची, तर एवढा जाड पाट कशाला?"

प्रश्न रास्त आहे. पातळ पाट स्वतःच थरथरतो आणि वूफरच्या सुरात आपलाही सूर मिसळतो. शिवाय बंद बॉक्सातली हवा रिकामी बसलेली नसते. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी 'एआर-१' हा स्पीकर आणला तो याच जोरावर: कोंडलेल्या हवेलाच त्यांनी कागद मागे खेचणारी स्प्रिंग बनवलं आणि एरवी कपाटाएवढी लागणारी पेटी फळीवर मावू लागली. सांध्यातून हवा गळली की ती स्प्रिंग गेली. म्हणून सांध्यांना आधी गोंद, मग सिलिकॉन. आत पिंजाऱ्याकडचा कापूस सैलसर भरला तर वूफरला बॉक्स आहे त्याहून मोठा भासतो. ठासून भरू नये. गादी करायची नाही.

अजिबात सांधा न ठेवणारा कारागीर हवा असेल, तर शहरापासून ३० किलोमीटरवर वेरूळचं दहावं लेणं पाहावं. लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. छताला लाकडी वाशांसारख्या बरगड्या आहेत, पण सगळं एकाच खडकातलं. गळतीचा प्रश्न नाही. मात्र दर्शनी भागात भली मोठी खिडकी असल्यामुळे तांत्रिकदृष्ट्या ते भोकाच्या बॉक्समध्ये मोडतं.

भोकाचा बॉक्स, म्हणजे पोर्टवाला. बेल लॅबोरेटरीजच्या अल्बर्ट थुरस यांनी १९३० साली याच्या पेटंटचा अर्ज केला. ते १९३२ मध्ये मिळालं. मागची लाट फुकट का घालवायची, एका नळीतून उलटी करून पुढच्या लाटेला जोडू, असा तो हिशोब. ५० लिटरचा बॉक्स ३२ हर्ट्झला लावायचा तर ४ इंची पीव्हीसी पाइप सुमारे ३८ सेंटिमीटर लांब लागतो. ३ इंची घेतला तर २० सेंटिमीटरमध्ये भागतं, पण मोठ्या ठोक्याला पाइपातून फुसफुस ऐकू येते. पाइपच्या तोंडाला जाळी बसवावी. पालीला थुरस ठाऊक नाहीत. तिला ती खास तिच्यासाठी केलेली सोय वाटते.

दोहोंतलं कोणतं घ्यावं? चिठ्ठीवरच्या 'एफएस' या आकड्याला 'क्यूईएस' या आकड्याने भागावं. उत्तर ५० च्या आसपास आलं तर बंद, १०० च्या आसपास आलं तर पोर्टवाला. ७५ आलं तर घरच्यांना विचारावं. ते "परत करा" म्हणतील.

तिसरा प्रकार बिनबॉक्सचा: वूफर भिंतीतच बसवायचा आणि मागची खोली हाच बॉक्स समजायचा. सिडकोतल्या रो-हाऊसमध्ये हे फार सोपं आहे, कारण मागची खोली शेजाऱ्यांची असते. कायदाही काहीसा तुमच्या बाजूने आहे. २००० सालच्या ध्वनी नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती 'ए' मापाने, आणि हे माप खालचे सूर फार कमी मोजतं. ४० हर्ट्झचा ८५ डेसिबलचा बेस मीटरवर जेमतेम ५० दिसतो. शेजारच्या काकूंच्या मांडणीवरच्या स्टीलच्या डब्यांना मात्र 'ए' माप लागू नाही. "अहो, गिरणी टाकली का?" असं त्या विचारतील, तेव्हा मीटर दाखवू नये.

चौथा प्रकार खास या शहराचा. नळ आठवड्याने येत असल्यामुळे २०० लिटरचा ड्रम घरोघरी आहे, आणि झाकणात वूफर व पाइप बसवला की तोही पोर्टवाला बॉक्सच. पाण्यावर उरलेली हवा तेवढी मोजायची. हवा चौपट झाली की सूर बरोबर एक सप्तक खाली जातो, हे हेल्महोल्ट्झचं गणित. समजा, नळ आला त्या दिवशी वर ५० लिटर हवा उरली आणि ड्रम ३२ हर्ट्झला लागला. मग ड्रम कोरडा होईल त्या दिवशी तो १६ हर्ट्झवर जाईल. इतका खालचा सूर माणसाला ऐकू येत नाही, नुसता जाणवतो. प्लास्टिकचा ड्रम थरथरतो, हा दोष आहेच. त्यापेक्षा माठ बरा: भाजलेली माती कडक, आकार गोल, समोरासमोर सपाट भिंती नाहीत. पण एप्रिलनंतर घरातले माठ सोडत नाहीत.

राहिली जागा. ४० हर्ट्झची लाट २८ फूट लांब असते आणि खोली १० बाय १२. लाट भिंतींवर आपटत राहते. कुठे बेस दुप्पट, कुठे गायब. तेव्हा बॉक्स आपल्या बसायच्या खुर्चीवर ठेवावा, एकच गाणं लावावं आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत सगळ्यांत चांगला बेस कुठे लागतो ते शोधावं. सासरची माणसं येणार असतील तो दिवस टाळावा. ती जागा बहुधा कोपऱ्यात निघते आणि कोपऱ्यात पाण्याचा ड्रम असतो. तो नळ येण्याच्या आदल्या दिवशी हलवावा. भरल्यावर त्यात दोनशे किलो पाणी असतं.