सुट्टी मंजूर, समुद्र नामंजूर

पावसाळा ओसरला की बंगळूरुच्या महादेवपुरा भागातील संगणक कंपन्यांत नोकरी करणाऱ्या मराठी तरुणवर्गाला पाण्याखाली जाण्याची जी ओढ लागते, तिचे मूळ त्या परिसराच्या भूगोलात शोधण्यात अर्थ नाही. कारण हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर आहे, समुद्र रस्त्याने ३०० किलोमीटरांहून दूर आहे, आणि वाहत्या पाण्याचा स्थानिक अनुभव म्हणावा तर तो सप्टेंबर २०२२ मधील पुराचा, ज्यात आउटर रिंग रोड बुडाल्याने अभियंत्यांना ट्रॅक्टरमध्ये उभे राहून कचेरी गाठावी लागली. तरीही शुक्रवारी रात्री टिन फॅक्टरी चौकातील वाहतूक कोंडीतून सुटलेली ही मंडळी शनिवारी मुरुडेश्वरला उतरतात आणि तेथून समुद्रात सुमारे १९ किलोमीटर आत असलेल्या नेत्राणी बेटाकडे निघतात; ज्यांना माशांची भेट आधी पाण्यात आणि मग ताटात घ्यायची असते, ती तारकर्ली-मालवणची वाट धरतात.

पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी घेणाऱ्या या हौशी पाणबुड्याचे प्रमुख लक्षण असे की, रजा मंजूर झाली म्हणजे समुद्रानेही अनुमती दिली असे तो गृहीत धरतो. वस्तुतः समुद्राचे खाते चंद्राकडे आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांचे आकर्षण एका रेषेत येऊन भरती-ओहोटीतील अंतर वाढते, त्यास उधाण म्हणतात, आणि अष्टमीच्या सुमारास ते घटते, त्यास भांग. उधाणाच्या दिवसांत तेवढ्याच सहा तासांत अधिक पाणी ये-जा करीत असल्याने ओढ वाढते, व बेटाच्या टोकाशी किंवा दोन खडकांमधील चिंचोळ्या वाटेत ती आणखी तीव्र होते. शिवाय पश्चिम किनाऱ्यालगतचा मोठा प्रवाह नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो, म्हणजे वर्षातून दोनदा पक्ष बदलतो. या साऱ्याचा अंदाज देणारी ‘इन्कॉइस’ ही राष्ट्रीय संस्था हैदराबादेत आहे, ही गोष्ट समुद्राविषयी अधिकारवाणीने बोलणाऱ्या महादेवपुऱ्यास मोठा नैतिक आधार ठरावी. तिचे अंदाज मात्र फारसे कोणी उघडून पाहत नाही. हॉटेलच्या न्याहारीविषयीचे अभिप्राय सर्वजण वाचतात.

प्रवाहाचा वेग नॉटमध्ये मोजतात, आणि एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर हे ऐकून रोज सकाळी तलावाकाठी धावणारा अभियंता गालात हसतो. परंतु पायात फिन्स घातलेला साधारण पाणबुडा फार वेळ टिकवू शकेल असा वेग जवळपास तेवढाच असतो, आणि पाण्याचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग दुप्पट झाला की अवरोध चौपट होतो. त्यात १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असल्यामुळे प्रत्येक श्वासाला टाकीतील हवाही दुप्पट लागते. म्हणजे प्रवाहाशी भांडणारा मनुष्य धापा टाकत आपली शिदोरी स्वतःच उधळतो आणि होता तेथेच राहतो. म्हणून बुडीचा आरंभ प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने, तळाच्या खडकाळ आडोशाने करावा, जेणेकरून दमल्यावर परतीची वाट पाण्याच्या पाठबळाने कापता येते. आणि वाहून जाऊ लागल्यास झुंज न देता प्रवाहाला आडवे पोहावे, सोबत्याला सोडू नये व पृष्ठभागावर लांबट, भडक रंगाचा फुगा उभा करावा, कारण लाटांमध्ये तांडेलाला माणसाचे डोके सहजासहजी दिसत नाही, मग त्या डोक्याचा हुद्दा काहीही असो.

सर्वांत कठीण प्रसंग अधोप्रवाहाचा, म्हणजे खडकाच्या कड्यालगत पाणी सरळ खाली ओढले जाते त्याचा. अडचण आली की विषय तत्काळ वर न्यावा, ही नोकरीतील शिकवण येथे घातक ठरते. कड्यापासून आडवे दूर पोहणे किंवा खडकाला घट्ट धरणे हा पहिला उपाय. पाणबुड्याच्या फुगवता येणाऱ्या जाकिटात हवा भरून वर येण्याचा प्रयत्न करावा लागलाच, तर ओढ सुटताच ती हवा सोडून द्यावी लागते, नाहीतर मनुष्य बुचासारखा उसळतो, आणि श्वास रोखलेला असल्यास फुप्फुसातील प्रसरण पावणारी हवा ते फाडू शकते. झपाट्याने वर येण्यात दुसरे संकट असे की, दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागतो. एरवी वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटे थांबण्याची जी रीत आहे, तीही याच कारणाने. तीन मिनिटे काहीही न करता एका जागी राहणे मात्र या वर्गाला प्रवाहापेक्षा जड जाते.

उंचीवर हवेचा दाब घटला की हेच बुडबुडे पुन्हा उद्भवू शकतात, म्हणून परतीची बस हाही सुरक्षिततेचाच विषय होतो. एकाहून अधिक बुड्या घेतल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास थांबण्याची शिफारस प्रचलित आहे, आणि तिच्यामागील उंचीचा विचार सुमारे ६०० मीटरपासूनच सुरू होतो. घाट चढून येणारे बंगळूरु त्याहून वर आहे. तेव्हा रविवारी दुपारपर्यंत बुड्या मारून त्याच रात्री बस पकडण्याचा बेत ज्यांनी आखला असेल, त्यांनी तो आजच मोडावा आणि सोमवारच्या रजेचा अर्ज आधीच देऊन ठेवावा.