हस्तर, अठरा वर्षे पूर्ण

ऐतिहासिक भयपट किशोरवयीनांना दाखवावा की नाही, हे भारतात तिघे ठरवतात : केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, थिएटरच्या दारावरचा माणूस आणि पवना धरणाच्या काठी दोन बांबूंना बांधलेली पांढरी चादर. मंडळ १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने चालते, दारावरचा माणूस मिसरूड बघून. चादर काहीच बघत नाही.

२०२३च्या दुरुस्तीने ‘यूए’ या एका खणाचे तीन खण झाले : सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील. खण वाढले, कुलूप एकालाही लागले नाही. हा आकडा आईवडिलांनी ध्यानात घ्यावा, बाकी कोणी त्याची सक्ती करू नये, असे कायदाच सांगतो. त्यामुळे ‘सोळा अधिक’च्या खेळाला पाच वर्षांचे पोर मांडीवर बसून येते आणि निम्म्यात भोकाड पसरते. सक्ती असते ती फक्त प्रौढांसाठीच्या ‘ए’ची.

या ‘ए’चा अभ्यास करायला राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’सारखा नमुना नाही. हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ला आला आणि १३ सप्टेंबर २०२४ला पुन्हा लागला. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेले, भीतीचे बी नारायण धारपांच्या कथेतले, काळ १९१८ ते १९४७. धारपांच्या पुस्तकांवर वयाचा शिक्का कधी नव्हता. आठवी-नववीतली पोरे ती वाचनालयातून आणून पांघरुणात वाचत आणि रात्री मोरीकडे एकटी जात नसत. मराठी समाजाने ही हानी निमूटपणे सोसली.

चित्रपटातला मुलगा पांडुरंग आणि साखळदंडांनी जखडलेली म्हातारी या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच पोरसवदा नटाने केल्या. म्हातारीचे सडके अंग अंगावर चढवायला त्याचे वय आड आले नाही. तिकीट काढून तेच बघायला मात्र अठरा पूर्ण हवीत.

तिकोणा पेठेत हा प्रश्न अधिक व्यवहारी पद्धतीने सुटतो. गडाच्या पायथ्याच्या या गावाच्या आसपास, धरणाकाठी, शनिवारी तंबू लागतात, शेगड्या पेटतात आणि प्रोजेक्टर निघतो. वयाची चौकशी इथेही होते, पण लहान मुलांना अर्धे पैसे असल्यामुळे. तेरा वर्षांचा मुलगा नोंदणीच्या टेबलाशी नऊ वर्षांचा असतो आणि चादरीसमोर सोळाचा होतो. सकाळी तोच गडावर जातो. १६६५च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत तिकोणाही होता, हे ऐकताना तो जांभया देतो. कड्याशी उभे राहून कोणी कडेलोटाचे वर्णन सुरू केले की कान टवकारतो. त्या वर्णनाला प्रमाणपत्र लागत नाही.

‘ए’ मिळते ते रक्त, मांस आणि किंकाळ्यांना. ‘तुंबाड’मधली खरी भयानक गोष्ट वेगळीच आहे. पांडुरंगाचा बाप विनायकराव पोटच्या पोराला दोरीवरून गर्भगृहात उतरायला शिकवतो, कणकेची बाहुली हस्तर या शापित देवापुढे कशी टाकायची आणि तो ती खाण्यात गुंतला असताना त्याच्या लंगोटातून सोन्याच्या मोहरा कशा पाडायच्या, याचे रीतसर शिक्षण देतो. हे मावळातल्या पोरांना दाखवणे घातक आहे असे म्हणणाऱ्याने एकदा जमिनीचा व्यवहार चाललेल्या ओसरीवर बसावे. तिथे दहावीतल्या मुलाला सातबारा वाचता येतो, साठेखत म्हणजे काय हे कळते आणि काका गुंठामंत्री कसे झाले याची कथा तोंडपाठ असते. त्या शिकवणीला ‘यूए’सुद्धा नाही.

चित्रपटाच्या शेवटी शापाने विद्रूप झालेला बाप मोहरांनी भरलेला लंगोट पुढे करतो आणि पांडुरंग तो घेत नाही. त्याच्या वयाच्या प्रेक्षकाला हे दृश्य थिएटरात बंद आहे. चादरीपुढे अडवणारे कोणी नाही, पण तिथे नियम ध्वनिक्षेपकाचा : रात्री दहानंतर आवाज बंद. जेवणे उरकून साडेआठला लावलेला पावणेदोन तासांचा ‘तुंबाड’ दहा वाजता थांबतो, तेव्हा सगळी हाव बघून झालेली असते आणि नकार तेवढा राहिलेला असतो.