तळोज्याच्या निळ्या कुत्र्यांना अनावृत पत्र

प्रति,
समस्त निळे श्वानबंधू,
तळोजा औद्योगिक वसाहत, ता. पनवेल.

विषय : तक्रार नोंदवण्याच्या आपल्या पद्धतीबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत.



ऑगस्ट 2017 मध्ये आपण खाणं शोधत, कुणी म्हणतं कासाडी नदीत, कुणी म्हणतं रंगाच्या कारखान्याच्या आवारात शिरलात आणि निळे होऊन बाहेर आलात. फोटो निघाले, प्राणिमित्रांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार केली, परदेशी वर्तमानपत्रांनी बातमी छापली आणि थोड्याच दिवसांत कारखान्याला टाळं लागलं. एकाही अर्जावर सही न करता! याच कासाडीच्या पाण्याबद्दल इथले मच्छीमार किती आधीपासून कंठशोष करत होते; प्रकरण पुढे हरित लवादापर्यंत गेलं. पण मेलेला मासा निळा होत नाही, इथेच ते कमी पडले.

पंचतंत्रातला कोल्हा निळीत पडला तर जंगलाचा राजा झाला. आपल्या वाट्याला फक्त आंघोळ आली. असो.

पनवेलला नगरपालिका 1852 पासून होती, महापालिका मात्र 1 ऑक्टोबर 2016 ची. म्हणजे आपण रंगलात तेव्हा ती वर्षाचीही नव्हती. त्यामुळे हद्दीचा खेळ छान रंगतो : कुत्रा महापालिकेचा, रस्ता सिडकोचा, गटार एमआयडीसीचं आणि गटारातला रंग मंडळाचा. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्र्याला त्याच्याच गल्लीत परत सोडायचं, असं केंद्राचे 2023 चे नियम सांगतात. सोसायट्यांत मात्र भांडण पेटलेलं. एक गट खायला घालतो, दुसरा काठी उगारतो. दोघांचे अर्ज एकाच फायलीत लागतात आणि तिथे गुण्यागोविंदाने नांदतात.

काठीचाही दर ठरलेला आहे. 1960 च्या कायद्यात प्राण्याला मारहाण केल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नासात हल्ली दोन वडापाव आणि वर कटिंग येतं. एवढ्या स्वस्तात क्रौर्य पुरवणारं सरकार जनताभिमुख नाही, असं कोण म्हणेल?

तेव्हा कृपया कळवावं : निळाच लागतो, की पिवळाही चालेल? आमच्या गल्लीत लंगडणारी एक गाय आहे. तिला रंगवायची आमची तयारी आहे.

आपला,
(अद्याप रंगहीन) एक पनवेलकर

ता. क. पत्राची पोच द्यावी. पोच मिळण्याची आम्हाला सवय आहे. त्यापुढचं काही आलं तर ते कुठे लावायचं, हेही सोबत कळवावं.