सहीवाले काका

सहीवाले काका ही पुण्यात कात्रजच्या सोसायट्यांत आढळणारी, मूळची पेठेतली जमात. वाडा पाडला, हिश्शाचे पैसे आले आणि त्यांतून सुखसागरनगरला किंवा आंबेगावला तीन खोल्या झाल्या, असा बहुतेकांचा इतिहास. पेशवाईत कात्रजच्या तळ्याचे पाणी नळाने पेठांत गेले. ही मंडळी त्याच वाटेने उलटी आली. सोबत तांब्याचा बंब आणि एक फ्रेम होती. बंब मोडीत गेला.

फ्रेममध्ये बहुधा मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर (1898–1974) यांचा कृष्णधवल फोटो असतो. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, प्रभातच्या ‘माणूस’, ‘शेजारी’ या चित्रपटांचे आणि 1942 च्या ‘कुलवधू’ नाटकाचे संगीतकार, एवढे काका एका दमात सांगतात. कोपऱ्यात शाईची सही आणि आशीर्वाद. ज्याला आशीर्वाद, त्याचे नाव पुसट झालेले असते. काका ते आपले म्हणून वाचतात. सोसायटी तिला सही म्हणते, काका स्वाक्षरी. काहींकडे गायक जितेंद्र अभिषेकीही असतात, पण ते 1998 पर्यंत हयात असल्याने ती सही जमातीत अजून पोरसवदा धरतात. खुद्द भास्करबुवांच्या सहीचा दावा करणाराही एखादा निघतो. बुवा 1922 साली गेले. त्यामुळे सही आजोबांनी घेतलेली असते, आणि पाहायला मागितली की ती नेमकी फ्रेमवाल्याकडे असते.

सही कशी मिळाली, ही कथा मूळ अर्ध्या मिनिटाची. मैफल संपली, वडिलांनी पोराला पुढे ढकलले, मास्तरांनी सही केली. कात्रजला येईपर्यंत ती पाऊण तासाची झाली. आता मास्तर नाव विचारतात, दोन सूर लावायला सांगतात आणि ‘पोरगा गाईल’ असे म्हणतात. पोरगा गायला नाही. बँकेतून निवृत्त झाला. सूर कोणत्या रागाचे होते, असे पाहुण्याने विचारले, की काकांना चहाची आठवण होते. काकू चहा आधीच टाकून ठेवतात. त्यांना कथेतला प्रश्नाचा मुक्काम पाठ असतो.

2018 साली सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेतून मुकुंदनगरला आला. संगीत आता सातारा रस्त्याला लागले आहे, कात्रज फार लांब नाही, हा काकांचा सिद्धांत त्यानंतरचा. महोत्सवाला ते स्वतः क्वचितच जातात. कात्रज चौकातून वेळेवर बाहेर पडणे कोणत्याही तालात बसत नाही.

खरी परीक्षा पावसाळ्यात. घाटाच्या पायथ्याची ओल भिंतीत उतरते, फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगून काचेला चिकटतो आणि काच ओढून काढली तर चेहराही सोबत येतो. म्हणून फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट ठेवायची असते. कडांना येणारी निळसर चंदेरी झाक ही जुन्या छापाची साक्ष. काका ती धूळ समजून चष्म्याच्या फडक्याने पुसतात.

मुलाने एकदा दुकानातून हुबेहूब रंगीत प्रत काढून आणली. तेव्हापासून हॉलमध्ये प्रत आहे आणि अस्सल फोटो गोदरेजच्या कपाटात, मलमलीत, काकूंच्या पैठणीखाली. पाहुणे प्रतीसमोर उभे राहून शाईच्या जुनेपणाची तारीफ करतात. काका ती स्वीकारतात. कपाटाची किल्ली काकूंकडे असते.