आधी गवंडी, मग सोलर

"वहिनी, सकाळी तुमच्या गच्चीवर टेप घेऊन कोण फिरत होतं हो? वर खोली काढताय की काय?"

सिन्नरच्या सरदवाडी रोडला आमच्या आणि काकूंच्या घरामधली भिंत छातीइतकीच आहे. त्यामुळे साखरेच्या वाटीबरोबर चौकश्याही इकडून तिकडे जातात.

"खोली नाही काकू, सोलरवाला आला होता. तीन किलोवॅटचं बसवा म्हणतो. 78 हजार सबसिडी आहे."

"78? माझ्या भाच्याला तर 60च मिळाले."

"त्याने दोन किलोवॅटचं घेतलं असेल. पहिल्या दोन किलोवॅटला तीस-तीस हजार, तिसऱ्याला 18. त्यापुढे कितीही लावा, एक पैसा जास्त नाही."

"मग घोडं कुठे अडलंय?"

"हे म्हणतात, थांबू. अजून स्वस्त होईल."

"2025च्या सप्टेंबरात जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हाही आमच्याकडे हेच चाललं होतं! अहो, थांबायचं तोवर बिल कोण भरतं? किती युनिट पडतात तुमचे?"

"उन्हाळ्यात तीनशेच्या वर. कूलर, त्यात पाण्याची मोटार."

"मग तुमचं ठीक आहे. वरच्या स्लॅबचे महागडे युनिट आधी वाचतील. आम्ही दोघं म्हातारी, महिन्याला नव्वद युनिटसुद्धा होत नाहीत. आम्ही घाई केली तर पैसे फिटेपर्यंत आम्ही असू की नसू!"

काकूंच्या बोलण्यात तथ्य होतं. तीन किलोवॅटची पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला बारा युनिटच्या आसपास देतात. तेवढी वीज लागतच नसेल तर ती करायची कुणासाठी? पावसाळ्यात आकडा उतरतो, ते वेगळंच. इगतपुरीला धो धो कोसळतो तेव्हा सिन्नरला पाऊस नसला तरी ढग असतातच.

"पण लाईट गेली तर आता चैन," मी म्हटलं.

"कसली चैन? बॅटरी नसेल तर लाईटीबरोबर सोलरही बंद. लाईनवर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसायला नको म्हणून तो इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. सोलरवाल्याने सांगितलं नाही वाटतं?"

नव्हतं सांगितलं.

"बरं, जिन्याकडचा कोपरा गळतो ना अजून?" काकूंना आमच्या घरातलं आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. "पॅनेल पंचवीस वर्षं राहणार. एकदा सांगाडा बसला की स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगसाठी तो सगळा उचलावा लागेल, म्हणजे दुहेरी खर्च. आणि धाकट्याचं लग्न झाल्यावर वर खोली काढणार की नाही, ते आताच ठरवा. उद्या सून म्हणाली, वेगळी खोली हवी, तर पॅनेल काय डोक्यावर घेऊन फिरणार?"

"अजून मुलगी बघायला सुरुवात नाही, काकू!"

"म्हणूनच सांगतेय. शिवाय आमच्या नारळाची सावली दुपारनंतर तुमच्या गच्चीवर येते. एका पॅनेलवर सावली पडली तरी अख्ख्या रांगेची वीज कमी होते. पॅनेल तिकडच्या बाजूला लावा, दक्षिणेकडे तोंड करून. झाड मी तोडणार नाही, आताच सांगून ठेवते."

इतकं स्पष्ट बोलणारी शेजारीण मिळणं हेही नशीबच. सबसिडीच्या जाहिरातीत नारळाचा उल्लेख नसतो.

"महिना कोणता धरायचा मग?"

"फेब्रुवारी-मार्च. एप्रिल-मेचं ऊन वाया जात नाही. जास्तीचे युनिट महावितरणकडे तुमच्या नावावर जमा राहतात, ते पावसाळ्यात वापरा. हिशेब 31 मार्चला मिटतो आणि उरलेल्या युनिटला फार कमी दर मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठं बसवू नका. बिल कुणाच्या नावावर आहे?"

"मामंजींच्या."

"त्यांना जाऊन किती वर्षं झाली! आधी नाव बदला, नाहीतर अर्ज तिथेच अडकेल." काकू थांबल्या आणि पूर्वेकडे हात करून हसल्या. "गुळवंचला 1350 मेगावॅटचं वीजकेंद्र बांधून कित्येक वर्षं बंद राहिलं, आणि आपण दोघी इथे तीन किलोवॅटवर खल करतोय."

"म्हणजे बसवू की नको?"

"बसवा हो. पण आधी गवंडी बोलवा, मग महावितरणच्या ऑफिसात जा आणि सोलरवाल्याला त्यानंतर फोन करा. फार रेंगाळूही नका, केंद्र सरकारची ही सबसिडीची योजना 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंतचीच आहे."