दळणवळणाची पदवी

माझ्या भाचीला संज्ञापनात एम.ए. करायचं आहे. ही बातमी तिने स्वयंपाकघरात फोडली तेव्हा ताईने गॅस बारीक केला आणि विचारलं, ‘कशात?’ संज्ञापन म्हटलं की समोरचा माणूस ‘कशात?’ म्हणतोच. गेली वीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसतो आहे आणि अधूनमधून हा प्रयोग करून बघतो. आपलं म्हणणं दुसऱ्यापर्यंत कसं पोचतं, याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राचं नावच दुसऱ्यापर्यंत पोचत नाही.

तसे मराठीत या विषयाला शब्द कमी नाहीत. संज्ञापन आहे, संप्रेषण आहे, जनसंवाद आहे. हिंदीवाले सरळ जनसंचार म्हणून मोकळे होतात, पण आपल्याकडे संचार देवीचा होतो, तोही अंगात. आणि माणसांचा संचार फार वाढला की कलेक्टरसाहेब संचारबंदी लावतात. आमच्या लहानपणी कम्युनिकेशनला दळणवळण म्हणायचे. भूगोलाच्या पुस्तकात त्याचा धडा असायचा आणि त्यात बैलगाडी, एसटी, टपाल, तार अशी चित्रं. भावोजींना शेवटी मी हाच शब्द वापरून समजावलं. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, ‘म्हणजे एसटीत लागणार?’

मग घरात प्रॉस्पेक्टस यायला लागले. त्यातल्या एका खाजगी संस्थेचा मी नीट बघितला. कागद इतका गुळगुळीत की चहाचा कप घसरावा. मुखपृष्ठावर झाडाखाली उभी असलेली मुलगी, कानाला हेडफोन, डोळ्याला कॅमेरा, चेहऱ्यावर जग बदलण्याचा निर्धार. लेन्सवरचं झाकण मात्र तसंच. आत अभ्यासक्रमांची नावं अशी, की एका श्वासात म्हणणाऱ्याला प्राणायामाचं प्रमाणपत्र द्यावं: स्ट्रॅटेजिक कम्युनिकेशन, इंटिग्रेटेड मार्केटिंग कम्युनिकेशन, डिजिटल अँड कन्व्हर्जन्ट मीडिया. चौथ्या पानावर ‘१०० टक्के प्लेसमेंट’ हे शब्द लग्नपत्रिकेतल्या गणपतीएवढे मोठे, आणि खालच्या ओळीत मुंगीच्या पावलांनी आलेला शब्द: ‘साहाय्य’. तो भाचीला दिसला नव्हता. भावोजींना चष्मा लावूनही दिसला नाही. मला दिसला, कारण जाहिरातीतली फुलीवाली तळटीप हेच माझ्या पोटापाण्याचं साधन आहे.

प्रॉस्पेक्टस मागवताना भाचीने फोन नंबर दिला होता. तेव्हापासून त्या संस्थेची काउन्सेलर रोज फोन करते. ‘मॅम, फक्त चार सीट्स उरल्यात.’ तीन आठवडे झाले, सीट्स चारच आहेत. भौतिकशास्त्रात प्रकाशाचा वेग असतो तशा या चार सीट्स त्या संस्थेत कायमच्या असाव्यात. याच्या अगदी उलट एका सरकारी विभागाची तऱ्हा. तिथे फोन वाजतो, वाजत राहतो, आणि शेवटी वाजून वाजून स्वतःच दमतो. एका सोमवारी कुणीतरी उचलला, ‘साहेब जागेवर नाहीत’ एवढं सांगितलं आणि ठेवला. मी खरं सांगू? मला हा दुसरा विभागच जास्त विश्वासार्ह वाटला. ज्याला काही विकायचं नसतं तोच माणूस असा फोन ठेवू शकतो.

‘पण मामा, हा विषय नक्की आहे काय?’ भाचीने विचारलं. तिला मी सगळी कुळकथा सांगितली. १९१४ साली शिकागोत सतरा मास्तर इंग्रजीच्या शिक्षकांच्या परिषदेतून बाहेर पडले आणि वक्तृत्व शिकवणाऱ्यांची वेगळी चूल मांडली. म्हणजे अमेरिकेत या शास्त्राची एक शाखा निघाली तीच भाऊबंदकीतून. दुसरी शाखा वर्तमानपत्रांच्या बाजूने आली, आणि दोन्ही घरांत अजून एकमेकांच्या हळदीकुंकवाला जातात की नाही याची खात्री नाही. तिकडे कम्युनिकेशन आणि त्याचंच अनेकवचन यांवरूनही सोवळंओवळं चालतं. अनेकवचनी म्हणजे तारा, उपग्रह, यंत्रं. एकवचनी म्हणजे माणसं. प्रवेश घेताना एक अक्षर चुकलं तर पोरगं भलत्याच खात्यात जायचं. भावोजींची एसटीची शंका अगदीच अडाणी नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

शास्त्राचे मूळपुरुष म्हणावेत तर तेही एकेक नग. क्लॉड शॅनन हा बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेतला गणिती. १९४८ मध्ये त्याने संदेशाचं गणित मांडलं आणि त्यात आरंभीच सांगून टाकलं, की संदेशाच्या अर्थाशी इंजिनिअरला कर्तव्य नाही. आकडा इकडून निघाला, तिकडे जसाच्या तसा पोचला, काम झालं. मधे येणारा गोंगाट किती, एवढंच मोजा. त्याच वर्षी हॅरल्ड लासवेल या राज्यशास्त्रज्ञाने विचारलं, की कोण, काय, कोणत्या मार्गाने, कुणाला सांगतो आणि त्याचा परिणाम काय होतो. हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक सासू रोज विचारते. मग विल्बर श्रॅम. डॉक्टरेट इंग्रजी साहित्यातली, आणि लहानपणापासून बोलताना अडखळणारा. त्याने १९४७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात संज्ञापन संशोधनाची संस्था काढली आणि पुढे विषयाला विद्यापीठात हक्काची खोली मिळवून दिली. ज्याला शब्द सहज पोचवता येत नाहीत त्यालाच पोचवण्याची किंमत कळते, असं मला वाटतं. या विषयातली मला खरी भावलेली गोष्ट तेवढीच.

१९५९ मध्ये बर्नार्ड बेरेल्सन नावाच्या याच घरातल्या माणसाने जाहीर केलं, की संज्ञापन संशोधन आता वाळत चाललं आहे. श्रॅमने त्याला तिथल्या तिथे उत्तर दिलं. त्यानंतर या विषयाचे इतके विभाग निघाले, की ज्याचं श्राद्ध घातलं तोच पंगतीत वाढायला आला.

‘म्हणजे घेऊ का नको?’ भाची म्हणाली. तिच्या पिढीला कुळकथा सोसत नाहीत.

आपल्याकडची तऱ्हा तिला मग थोडक्यात सांगितली. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ च्या ऑगस्टमध्ये निघाली. देशभरातल्या न्यूजरूम तिच्या मुलांनी भरल्या, पण कित्येक दशकं ती पदवी देत नव्हती, पदविका द्यायची. २०२४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. (भावोजींनी इथे मधेच विचारलं होतं, ‘पत्रिकेत डिप्लोमा लिहायचा का मास्टर्स?’ स्थळांच्या बाजारात पदविका ही पदवीची धाकटी बहीण समजतात.) जामिया मिलियाच्या केंद्रात १९८२ पासून कॅमेरा शिकवतात, अहमदाबादच्या मायकामध्ये १९९१ पासून साबण विकायला शिकवतात, देवनारच्या टाटा संस्थेत साबण कुणी कुणाला का विकला यावर माहितीपट काढायला शिकवतात. आणि पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे, जिथून मराठी वृत्तपत्रांतली पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं निघाली. संवादाचा निम्मा अभ्यासक्रम त्याच रस्त्यावरच्या वैशालीत पुरा होतो, हा भाग वेगळा. सगळ्यांच्या दारावर पाटी साधारण एकच आणि आत दुकानं निरनिराळी. साडी घ्यायला म्हणून शिरावं आणि आत पंप सेट मिळावेत तसं.

म्हणून मी तिला म्हटलं, प्रॉस्पेक्टस ठेव रद्दीत आणि विभागात जाऊन दोन गोष्टी बघ. लायब्ररीत मागच्या तुकड्यांचे प्रबंध असतात, त्यांतले पाच काढ. पाचही ‘सोशल मीडियाचा तरुणाईवर होणारा परिणाम’ यावर असतील आणि पाचांचा निष्कर्ष ‘चांगलाही आणि वाईटही’ असा असेल तर तिथूनच रिक्षा धर. दुसरं, शिकवणारे पूर्णवेळ किती आणि पाहुणे किती ते विचार. पाहुणे प्राध्यापक म्हणजे माझ्यासारखे. आम्ही तासाला उशिरा येतो, ‘थिअरीत काही अर्थ नसतो’ हे दीड तास थिअरीसारखं सांगतो आणि मानधनाचा फॉर्म भरून जातो.

‘आणि तू कुठे शिकलास?’

या प्रश्नाला मी नेहमी बाळशास्त्री जांभेकरांना पुढे करतो. त्यांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढलं, शेजारी शेजारी मराठी आणि इंग्रजी स्तंभ चालवले, तेव्हा कुठला आला होता एम.ए.? भाची म्हणाली, ‘मामा, ते एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक होते. तू बी.कॉम. आहेस.’ पोरीत पत्रकारितेचे गुण आहेत, हे मला मान्य करावं लागलं.

खरी पंचाईत पुढेच झाली. ताईला सरकारी विभाग हवा, कारण फी हजारांत. भावोजींना ती चार सीट्सवाली संस्था हवी, फी लाखांत असली तरी, कारण त्यांनी जन्मभर बँकेत कर्जं दिली आणि आता एखादं घेऊन बघायची हौस आहे. शब्दाला शब्द वाढला आणि दोघांचं बोलणं बंद झालं. आमच्या ताईकडे अबोला म्हणजे शांतता नसते. निरोप चालू राहतात, फक्त भाचीमार्फत. ‘तुझ्या बापाला सांग, गिळायला या.’ भाची बाहेर जाऊन सांगते, ‘बाबा, जेवायला चला.’ ‘आईला म्हणावं, आम्हाला भूक नाही, आमचा अपमान झालाय.’ भाची आत येऊन सांगते, ‘पाच मिनिटांत येतायत.’ डेव्हिड मॅनिंग व्हाइट या माणसाने १९५० मध्ये एका संपादकाने कोणत्या बातम्या का गाळल्या याचा अभ्यास करून द्वारपालाचा सिद्धान्त बातम्यांना लावून दाखवला. आमच्या भाचीने प्रवेश घेण्याआधीच त्याचं प्रात्यक्षिक दोन वेळा जेवणापुरतं रोज केलं.

चौथ्या दिवशी सरकारी विभागाच्या अर्जाची शेवटची तारीख उगवली. खाजगीचा अर्ज तर रोजच शेवटचा असतो. संध्याकाळी सातला भाची लॅपटॉप घेऊन बसली, ताई मागे उभी, मी खुर्चीत. सगळं भरून झालं आणि पडद्यावर अक्षरं आली: नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, तीन मिनिटांत भरा. नोंदणीकृत मोबाइल भावोजींचा. भावोजी मंडईत.

भाचीने फोन लावला. तिचा आवाज तिकडे पोचेना. ताईने फोन हिसकावून घेतला आणि चार दिवसांनी नवऱ्याशी पहिला शब्द बोलली: ‘अहो, ओटीपी!’

तिकडून आधी नुसती मंडई आली. मग भावोजी. फोन कानावरून काढायचा, मेसेज उघडायचा, दोन आकडे पाठ करायचे, पुन्हा कानाला लावायचा. ‘एकोणसत्तर,’ भावोजी ओरडले. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या भाचीने सत्तरपुढे नऊ लावून एकोणऐंशी भरले. ‘सिक्स्टी नाइन गं!’ ताई ओरडली. ‘अठ्ठावन्न,’ भावोजी. मग त्यांच्या आवाजावर दुसरा कुणीतरी चढला, ‘वीसला दोन, वीसला दोन,’ आणि भाचीने वीसही भरले. शॅननला यापेक्षा बरा गोंगाट बेल कंपनीत मिळाला नसता. मुदत संपली. ताई म्हणाली, ‘रीसेंड कर,’ आणि फोनमधून भावोजी विचारत होते, ‘कोथिंबीर घेऊ का?’

दुसरा ओटीपी गेला तेव्हा भावोजींनी डोकं चालवलं. ओरडण्यापेक्षा लिहून पाठवलेलं बरं, म्हणून त्यांनी फोन कट केला आणि मेसेज पुढे ढकलला. भाचीला म्हणून पाठवला. घाईत बोट आमच्या घराण्याच्या बेचाळीस जणांच्या ग्रुपवर पडलं. नुसता सहा आकडी नंबर, मागे ना पुढे एक अक्षर.

भाची तो लॅपटॉपवर उतरवून घेत होती, चार आकडे झाले होते, तेवढ्यात ग्रुपवर डोंबिवलीच्या आत्यांचं उत्तर पडलं: ‘अभिनंदन बाळा! कितीपैकी?’